गाडीतली झोप

पळस तांडा, पो. डोंगरकडा, जि. हिंगोली
१० ऑक्टोबर २०००

प्रेमसिंग, लेकरा,

तुझ्या शिलाची तब्येत चांगली आहे. सहावा महिना सरला. तिच्या माहेराला अजून रस्ता नाही, म्हणून बाळंतपण मामाच्या घरीच करायचं, असं मी तिच्या बापाला सांगितलं आणि त्यानंही मान हलवली. तेव्हा तू शारजात बसून काळजी करू नकोस. गाड्या दुरुस्त कर.

आणि एक गाडी इथलीही दुरुस्त कर. पत्रानं.

तू गेल्यावर मी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून चौदा वर्षं वापरलेली पांढरी गाडी घेतली, हे तुला माहीत आहे; एप्रिलच्या रजेत तू ती ओझरती पाहिलीस, पण उन्हात हीटरची आठवण कुणाला! घेतानाच ते म्हणाले होते, "धर्मसिंग, हिचा एसी मेलाय, आतला पंखा फिरत नाही, हीटरही बंद." मी म्हणालो, साहेब, आमच्या बाया बैलगाडीत बाळंत होतात, मला चार चाकं फिरली की पुरे.

पण पुरे झाली नाहीत. गेल्या पौषात फुलसिंगची सून नांदेडहून बाळ घेऊन ह्याच गाडीतून आली. पहाटेची वेळ, दारांच्या फटींतून वारं. सहा दिवसांचं लेकरू घरी आलं ते फुफ्फुस भरूनच. आठव्या दिवशी गेलं. तांडा म्हणाला, नशीब. मी पारावर उभा राहून सांगितलं की नशीब हा शब्द आपण आपल्या आळसाला दिलेलं नाव आहे! गाडीत हीटर होता आणि तो आपण चालू केला नाही, एवढाच त्या मरणाचा अर्थ आहे.

ह्या पौषात माझ्या घरची बाळंतीण त्या गाडीतून यायची आहे. पंखा फिरला पाहिजे. कुठून सुरुवात करायची, ते क्रमानं लिही. इथं डोंगरकड्याचा ग्यानबा आहे. तो पंक्चर काढतो, वेल्डिंग करतो, पाण्याची मोटर भरतो. तू सांगशील ते करील. आणि सगळं लेखी दे. तोंडी शब्दावर आपल्या माणसांच्या जमिनी गेल्या. लेखी असेल तेच खरं, हे मी तांड्याला वीस वर्षं शिकवून राहिलो आहे.

तुझा मामा,
धर्मसिंग

शारजा
२४ ऑक्टोबर २०००

मामा, पाया पडतो.

पत्र वाचून आधी हसू आलं. इथं पन्नास अंशाच्या उन्हात माणसं थंड हवेसाठी रडतात आणि तुम्ही हीटर मागता. खरं सांगतो, मी सात हिवाळ्यांत एकही हीटर दुरुस्त केला नाही. गाडी आली की त्याचा पाइप आम्ही बांधूनच टाकतो. पण हीटर असो की एसी, आत हवा फेकणारा पंखा एकच असतो, आणि तो पंखा मी डोळे मिटूनही उघडू शकतो.

हीटरचं काम सोपं आहे. इंजिनातलं गरम पाणी एका लहान जाळीतून फिरतं. ती जाळी समोरच्या फळीमागं असते. पंखा त्या जाळीवरून हवा मारतो, ती ऊब तुमच्यापर्यंत येते. गरम पाण्याच्या नळीवर इंजिनाजवळ एक छोटी चावी असेल. बहुतेक ती बंद असेल. उघडा.

आता पंखा.

पहिलं काम, फ्यूज बघा. जळला असेल तर तेवढ्याच ताकदीचा नवा घाला. जाड तार घालू नका.

फ्यूज चांगला असेल तर पंख्याची मोटर सोडवा आणि तिला दोन तारांनी सरळ बॅटरीवर लावा. फिरली तर मोटर चांगली, दोष बटणात किंवा तारेत. नाही फिरली तर पान्याच्या मुठीनं हळूच ठोका. ठोकल्यावर दचकून फिरली तर आत घाण आहे किंवा मोटरला वीज देणारे कार्बनचे तुकडे झिजलेत.

काय झालं ते कळवा. शिलाला म्हणावं, जड उचलायचं नाही.

प्रेमसिंग

पळस तांडा
८ नोव्हेंबर २०००

प्रेमसिंग,

तुझं पत्र ग्यानबाला वाचून दाखवलं. त्यानं ते दोनदा ऐकलं, मग म्हणाला, "मामा, तुमचा भाचा तिकडून मोटर सोडवतोय, मग मी काहून हात काळे करू?" मी म्हणालो, डोकं त्याचं, हात तुझे, ह्यालाच सहकार म्हणतात. "व्हय, आन् शिव्या कुणाच्या?" म्हणतो. "त्या माझ्या," म्हटलं.

फ्यूजच्या जागी तू नको म्हणतोस तीच जाड तार निघाली. कुणी घातली, विचारलं तर ग्यानबा आभाळाकडं बघायला लागला. नवा फ्यूज बसवला. मोटर बॅटरीवर लावली, हूं नाही की चूं नाही. पान्यानं ठोकली. अंगात आल्यासारखी एकदा हलली आणि थांबली. उघडली तर आत उंदराचं घर! सरकीचा कापूस, हळकुंडाची साल, कुणाच्या तरी लुगड्याची चिंधी. सगळं काढलं, पुसलं, बॅटरीवर लावलं, आणि माझ्या ओमप्रकाशची टोपी उडवील असा वारा सुटला. माझा पोरगा टोपीमागं धावला, पोरं हसली, तांड्यात सण झाला.

पण गाडीत बसवून बटण दाबलं तर परत मुकी.

गाडी एरवी ठीक. इंजिनाजवळ धुराचा पाइप तडकला आहे. ग्यानबानं तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेनं आवळला. आवाज ट्रकसारखा येतो, त्यामुळे मी यायच्या आधी माझी बातमी येते. वक्त्याला अशीच गाडी हवी.

शिला मजेत.

धर्मसिंग

शारजा
२१ नोव्हेंबर २०००

मामा,

मोटर जिवंत आहे, म्हणजे रोग अर्धा संपला. बटणापासून मोटरपर्यंत कुठंतरी तार आतून तुटली आहे. चौदा वर्षांची तार शोधत बसू नका, ग्यानबा आठवडा घालवील. बॅटरीपासून नवी तार टाका, मध्ये फ्यूज, मग साधं घरातलं बटण, मग मोटर. तार लांब फिरवू नका, लांब तारेत दम मरतो. इंजिन आणि तुमचे पाय ह्यांच्यामध्ये जो पत्रा आहे, त्यालाच पंख्याच्या तोंडाशेजारी एक भोक पाडा आणि सरळ आत घ्या. मागच्या पानावर चित्र काढलं आहे.

पंखा मग एकाच वेगानं फिरेल, पूर्ण जोरानं. हळू-जलद करणारं वेटोळं जळलेलं असणार, ते तिकडं मिळायचं नाही. चालू द्या जोरात. थंडीत बरंच आहे.

मामा, एक मागतो. पहिल्या दिवशी गाडी सुरू केल्यावर शिलाला त्यात बसवून एक चक्कर मारा. तिला सांगा, हा वारा मी पाठवला आहे.

प्रेमसिंग

पळस तांडा
९ डिसेंबर २०००

प्रेमसिंग, बहाद्दरा,

पंखा फिरला! चावी उघडली, गरम पाणी आलं, आणि चौदा वर्षांच्या त्या पत्र्याच्या पेटीत चैत्र उतरला. बाहेर शेकोट्या पेटल्यात आणि आत मी सदऱ्यावर. ग्यानबानं भोक मात्र लिंबाएवढं पाडलं, गॅसच्या ज्योतीनं. म्हणतो, "उद्या अजून तारा घालायच्या म्हणलात तर?" दूरदृष्टी ह्यालाच म्हणतात.

आता ह्या गाडीचा नवा गुण ऐक. गाडीत बसलं की माणसं झोपतात. थट्टा नाही. पुनमचंदचं पोरगं, जे आईला रात्रंदिवस जागवतं, ते अर्धापूर यायच्या आत गाढ. फुलसिंग दवाखान्यात जाताना झोपला तो तिथं उतरवायला दोघं लागले. बाया म्हणतात, मामाच्या गाडीत पाळणा आहे. मी म्हणतो, आयुष्यभर थंडीत कुडकुडलेल्या माणसाला पहिल्यांदा ऊब मिळाली की तो झोपणारच, त्याच्या सात पिढ्यांची झोप बाकी आहे! एकटा ओमप्रकाश जागा असतो, कारण त्याला गाडी चालवायची असते आणि बिडी ओढायची असते. त्याची काच चार बोटं उघडी. मी रागावतो.

पण तांडा हा तांडा आहे. आपली निर्मलाबाई, जिला तू-मी सगळे याडी म्हणून आईच्या जागी मानतो, जिनं ह्या तांड्यातली निम्मी माणसं स्वतःच्या हातानं जगात आणली, ती परवा गाडीतून उतरली आणि रस्त्यावरच बसली. म्हणाली, "धरम्या, ह्या गाडीत काहीतरी हाय. बसलं की जीव खाली ओढतं. कपाळात खिळा ठोकल्यावानी झालं." संध्याकाळपर्यंत चार घरांत गेलं की गाडीला बाधा आहे, डॉक्टरच्या गाडीत कितीजण मेले असतील, त्यांतलं कुणीतरी आत बसलंय.

मी सगळ्यांना पारावर बोलावलं. तासभर बोललो. यंत्राला भूत नसतं! भूत असतं ते अज्ञानाला! ज्या दिवशी आपल्या बाया चार चाकांवर दवाखान्यात जायला लागल्या, त्या दिवशी तुमच्या बाधेचं पोट दुखायला लागलं! टाळ्या पडल्या. याडी उठून गेली. जाताना म्हणाली, "टाळ्या वाजवून खिळा निघत न्हाई." माझं डोकंही थोडं दुखत होतं त्या दिवशी, पण ते बोलण्यानं.

शिला ठणठणीत. तपासणीला नांदेडला ह्याच गाडीतून नेली. तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्याची.

तुझा मामा

शारजा
२३ डिसेंबर २०००

मामा,

पत्र वाचून वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो. माझ्या मामाच्या गाडीत बसलं की लोक झोपतात! मालकही हसला. म्हणाला, असा पंखा माझ्या पोरांसाठी लाव.

याडीला माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, भूत असेल तर ते मीच आहे, तारेतून आलो.

बाळ-बाळंतिणीला आणताना ऊब टिकली पाहिजे. सगळ्या काचा बंद करा, दारांच्या फटीत कपडा कोंबा, आणि ओमप्रकाशला सांगा, त्या दिवशी बिडी नाही. शिलाला पुढच्या बाजूला, पंख्यासमोर बसवा. निघायच्या आधी गाडी अर्धा तास चालू ठेवून आत गरम करून घ्या.

मी मार्चमध्ये रजेवर येतो. तोवर पोराला किंवा पोरीला माझ्या वतीनं बघा.

घाईत आहे, मालक हाक मारतो आहे. हे पत्र आत्ताच टाकतो.

प्रेमसिंग

शारजा
२५ डिसेंबर २०००
रजिस्टर पोस्टानं

मामा,

हीटर लावू नका. हे पत्र पुढं वाचायच्या आधी उठून जा आणि बॅटरीपासून टाकलेली ती तार कापून टाका. मग बसून वाचा.

काल दुपारी जेवताना मी तुमचं पत्र पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवत होतो. आमच्यात एक म्हातारा पठाण उस्ताद आहे, बर्फाच्या मुलखातला. त्यानं हातातली रोटी खाली ठेवली. मला विचारलं, "सब सो जाते हैं? ड्रायव्हर नहीं सोता?" मी म्हणालो, नाही, तो बिडी ओढतो. "तो उसका शीशा खुला रहता होगा." मी म्हणालो, हो. "सर दुखता है लोगों का?" हो. मग त्यानं विचारलं, धुराचा पाइप कसा आहे. मामा, तुमचं नोव्हेंबरचं पत्र माझ्या उशीखाली होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा. मी ते वाचलं होतं आणि हसलो होतो.

तो म्हणाला, त्याच्या गावचे चौघे एका गाडीत असेच झोपले होते, काचा लावून, हीटर लावून. सकाळी गाल लालबुंद होते, वाटावं की आत्ता बोलतील. "यह धुआँ दिखता नहीं, बेटा. बू नहीं, खाँसी नहीं. बस सुला देता है."

तुमचा पाइप जिथं तडकला आहे त्याच्याच अलीकडं मी तुम्हाला भोक पाडायला लावलं. पंख्याच्या तोंडाशेजारी. भोकाला रबर बसवा, हे लिहायला मी विसरलो, कारण इथं ते सांगावं लागत नाही. पंखा मेलेला होता तोवर तुम्ही सगळे सुरक्षित होता. तो मी जिवंत केला. आता तो इंजिनाचं विष ओढून सरळ माणसांच्या तोंडावर मारतो आहे.

याडीचं खरं आहे. भूत नाही, पण ती जे सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. तिची माफी मागा, माझ्याही वतीनं.

परवाचं माझं पत्र आलं तर फाडून टाका. त्यात मी काचा बंद करा असं लिहिलं आहे. ते पत्र म्हणजे तुमच्या हातात मी दिलेला सुरा आहे.

आज सकाळी डोंगरकड्याला किशनरावांच्या एसटीडी दुकानात फोन लागला. त्यांना सांगितलं, हीटर बंद, काचा उघड्या, मामांना आत्ताच्या आत्ता सांगा. ते हो म्हणाले. तरी महत्त्वाचं असेल ते लेखी आणि रजिस्टरनं, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून हे पाठवतो. सही करून घ्या. मिळाल्याची दोन ओळींची पोच द्या.

शिलाला त्या गाडीत बसवू नका. एसटीनं आणा. उशिरा आली तरी चालेल.

प्रेमसिंग

नांदेड, दवाखाना
६ जानेवारी २००१

प्रेमसिंग, बापा!

तू बाप झालास. तीन तारखेला सकाळी शिला सुखरूप सुटली. मुलगी. आल्या आल्या तिनं असा आवाज लावला की मी सिस्टरला म्हणालो, ही माझी गादी चालवणार. याडी इथंच आहे, तिनं मुलीचं नाक-डोळे तपासून पास केलं.

आता तुला एक गंमत सांगतो, म्हणजे तुला आपला तांडा अजून किती चालायचा आहे ते कळेल. सव्वीस तारखेला किशनरावचा मेहुणा तांड्यावर आला आणि म्हणाला, प्रेमसिंगचा फोन होता, हीटर लावू नका, काचा उघड्या ठेवा. मी विचारलं, तू ऐकलास फोन? "न्हाई, भाऊजीनं ऐकला." लिहून आणलंस? "न्हाई." मग शोध घेतला तेव्हा कळलं की त्याच दिवशी याडी किशनरावच्या दुकानावर बसली होती. मी समजायचं ते समजलो. पारावर बाया हरल्या, आता माझ्या भाच्याच्या नावानं बोलून राहिल्या! तिला विचारलं तर म्हणते, "मी तमाखू घ्यायला गेली होती." मी किशनरावकडं निरोप धाडला की माझ्या भाच्याला काही म्हणायचं असेल तर तो मला लिहील.

तरीही मी अन्याय केला नाही. लेखी येईपर्यंत हीटर बंद ठेवला. दहा दिवस थंडीत फिरलो. किशनरावचा फोनही खांब पडल्यानं महिनाअखेरपासून मुका आहे, नाहीतर तुलाच विचारलं असतं.

आणि काल पाच तारखेला कपडे न्यायला तांड्यावर गेलो तर तुझं पत्र! काचा बंद, फटीत कपडा, बिडी नाही, आधी अर्धा तास गाडी गरम. तुझ्या हाताचं, तुझ्या सहीचं. मी ते इथं याडीसमोर वाचून दाखवलं. म्हणालो, ऐक, फोनचा निरोप सव्वीसला आणि हे पाचला, म्हणजे शेवटचा शब्द हा! याडी नुसती मुलीच्या टाळूवर हात ठेवून बसली.

एक गोष्ट तुझ्यापासून ठेवली होती, ती आता सांगायला हरकत नाही. डिसेंबरात तपासणीला आलो तेव्हा शिला दवाखान्याच्या दारात चक्कर येऊन पडली होती. पोटुशीला येते. तुला तिकडं घोर नको म्हणून तिला लिहू दिलं नाही.

नऊ तारखेला सकाळी सहाला सुटी. तुझ्या मुलीला तुझ्याच वाऱ्यात घरी नेतो.

धर्मसिंग

पळस तांडा
१७ जानेवारी २००१

अहो,

शिलाचा नमस्कार. आजवर माझं सगळं मामांनी लिहिलं. आता लिहायला मीच उरले. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, समजून घ्या.

पोस्टाच्या तारेत मावलं तेवढं कळवलं होतं. मामा गेले. ओमप्रकाश भाऊजी पाच दिवस दवाखान्यात होते, आता घरी आहेत. मी बरी आहे. पोरगी बरी आहे.

झालं ते असं. सहाला निघालो. याडी गाडीत बसायला न्हाई म्हणली. मामा म्हणले, "चल ना वं, भाच्यानं लिहिलंय." ती म्हणली, "तुझा भाचा लिहितो तिकडून, आन् जीव जातो इकडून." आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडवर चालत गेली. मामा हसले. मला पुढं बसा म्हणले, तुमच्या पत्रात होतं म्हणून. मला पुढं अवघडत होतं, मी मागं बसले, पुढं मामा बसले. दारांना माझीच ओढणी फाडून कोंबली. भाऊजींनी बिडी खिशात ठेवली.

अर्धापूर गेलं. मामा बोलून राहिले होते, पोरीला शिकवायचं, वकील करायचं. मग बोलणं मध्येच थांबलं. मामांचं बोलणं मध्येच थांबलेलं मी कधी ऐकलं न्हवतं. मला मळमळायला लागलं. पोरगी अंगावर होती, ती ओढत न्हवती. गालाला टिचकी मारली तरी न्हाई. मी काच उघडली. चार बोटंच उघडली, पुढं अडकली. पोरीचं तोंड त्या फटीला लावलं. बाळंतिणीला वारं लागू नये, हे मला माहीत होतं. तरी लावलं. का, ते मला सांगता येत न्हाई. पुढचं आठवत न्हाई.

गाडी रस्ता सोडून हरभऱ्यात गेली आणि बांधाला टेकून उभी राहिली. कुणाला खरचटलं पण न्हाई. इंजिन चालू होतं, पंखा चालू होता. मागून याडीची एसटी आली. तिनं ड्रायव्हरच्या नावानं हाका मारून एसटी थांबवली. लोकांनी दारं उघडली. याडी सांगते, मामांचे गाल असे लाल होते की तिला वाटलं, आता उठून भाषण करतील.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात इंजिनाचा धूर होता; पाइप तडकलेला आणि पत्र्याला भोक असलं की तो असा आत येतो. मी दोनदा विचारून घेतलं. मग तुमच्या फोनचा निरोप खरा होता, हे मला कळलं.

मामा गेले त्याच्या आदल्या दिवशी पोस्टमन तांड्यावर रजिस्टर घेऊन आला होता. मामा नांदेडला. सही दुसऱ्याची चालत न्हाई, असं मामांनीच त्याला मागं एकदा भांडून शिकवलं होतं, म्हणून तो परत गेला. काल मी त्याला विचारलं. तो म्हणला, "वैनी, मालक मयत, आता पत्र परत जाणार." म्हणजे ते तुमच्याकडंच येईल. त्यात काय लिहिलंय, मी विचारत न्हाई. तुमचं तेविसाचं पत्र मामांच्या खिशात होतं. मी ठेवलंय. तारीख वरच लिहिली होती. एवढे शिकलेले मामा, पण हातात उशिरा पडलं म्हणून उशिराचं समजले.

तुम्ही स्वतःला काय म्हणत असाल, ते मला माहीत आहे. मी आत्ता त्यावर लिहीत न्हाई. मला त्याच्याहून मोठं काम आहे.

तांड्यानं गाडी आत येऊ दिली न्हाई. बाधा खरी निघाली म्हणतात. मी घरातून सांगून राहिले की धूर आहे, पाइप आहे, भोक आहे, तर पुनमचंदची बायको म्हणते, "व्हय बाई, भूत पण धुरावानीच असतं." याडीला विचारलं, तू तरी सांग. ती म्हणली, "मला नाव माहीत न्हाई त्याचं. माझ्या कपाळात खिळा होता, एवढं मी सांगितलं होतं." मग ओमप्रकाश भाऊजींनी परवा गाडी विकून टाकली. कुरुंद्याच्या भागवत म्हणून हळदवाल्यांनी घेतली. भाऊजींनी त्यांना सांगितलं, ह्या गाडीत माणूस मेलंय. ते म्हणले, "तुमची बाधा तुमच्या तांड्याची, मी लिंबू-मिरची बांधतो. हीटर मात्र फस्क्लास हाय." भोकाचं त्यांना कुणी सांगितलं न्हाई. भाऊजींना स्वतःलाच पटलेलं न्हाई.

आज दुपारी बाजाराहून आलेल्या बायांनी सांगितलं, भागवतांची लेक वसमतला बाळंत झाली. उद्या सकाळी आठला तिला आणायला तीच गाडी निघणार आहे.

तुम्हाला लिहून तुमचं पत्र मागवायचं तर महिना जाईल. किशनरावांचा फोन मुका आहे. बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर जात न्हाई आणि मला तर पंधराच दिवस झालेत. मामी रडून राहिल्यात, घरात कुणी हो म्हणत न्हाई. याडी एकटी म्हणली, "कान बांध, पोरगीला माझ्याजवळ दे, मी संगं येते."

डोंगरकड्याहून सहाची एसटी आहे. मी आठच्या आत त्यांच्या दारात असेन. आधी सांगून बघेन. त्यांना पटलं न्हाई तर गाडीच्या पुढं उभी राहीन. मामा असते तर त्यांनी तिथं भाषण केलं असतं. मला भाषण येत न्हाई. मी पदरात दगड घेऊन चालले. एक काच जरी मला लावलेली दिसली, तर फोडीन.

शिला